वेशीबाहेरचे काम



 वसईतल्या या संमेलनात आधी व्यवस्थेचे बोलतो. मंडपामागच्या वाडीत ज्यांनी गाड्या लावल्या आहेत त्यांनी चाव्या स्वयंसेवकांकडे द्याव्यात. दुपारी तिथूनच भाजीचा टेम्पो निघतो आणि तो कोणाच्याही भाषणासाठी थांबत नाही. जेवणात तळलेले फुगे आहेत, राजेळी केळ्यांची सुकेळी आहेत. मधुमेहाची तक्रार असलेल्यांनी सुकेळी मोजून खावीत, हा अनुभवाचा सल्ला.

आता विषयाकडे येतो. चर्च, उद्योग आणि सार्वजनिक जीवनातले कर्तबगार कॅथलिक असा विषय ठरला, तेव्हा आमच्या समितीच्या बैठकीत नुसती नावांची चढाओढ लागली. प्रत्येकाच्या धर्मग्रामातले एक तरी नाव हवेच होते. मग कार्डिनल किती, खासदार किती, पद्म किताब किती, असा हिशेब झाला. यादी लांबलचक निघाली. मला तिचा अभिमान वाटला आणि खरे सांगायचे तर थोडा कंटाळाही आला. किताब मिळतो तो उतारवयात. त्याआधी तीस-चाळीस वर्षे त्या माणसाने रोज उठून काय केले, हे यादीत कुठेच नसते. ते मला सांगायचे आहे. स्वागताध्यक्षाला मध्येच चिठ्ठी पाठवून थांबवण्याची पद्धत नाही, त्याचा फायदा घेतो.

सुरुवात अर्थातच आपल्या संत गोन्सालो गार्सियांपासून. सोळाव्या शतकात ते इथे, वसईत जन्मले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर गेले आणि 1862 मध्ये संत म्हणून घोषित झाले, हे आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण ते आधी जपानात व्यापारी होते, हे आपण प्रवचनात घाईने उरकतो. बाजारात वावरून त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली होती. पुढे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना जपानच्या सत्ताधीशापुढे बोलायला दुभाषा लागला, तेव्हा हाच वसईकर उपयोगी पडला. दुकानदारीतली वर्षे वाया गेली नाहीत.

दुसरे नाव काका बाप्टिस्टांचे. यांच्यापाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते त्यांच्यावर सर्वांत मोठा अन्याय आपणच केला आहे. जोसेफ बाप्टिस्टा 1864 मध्ये माझगावच्या माथारपाखाडीत जन्मले. घराण्याचे मूळ आपल्या शेजारच्या उत्तनचे. पुण्यात अभियांत्रिकी शिकले, सरकारी नोकरी केली, मग केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतले. इथवरची वाट तेव्हाच्या कोणाही हुशार, सुखवस्तू मुलाची होती. पण त्या वेळी आपला समाज कुठे उभा होता ते पाहा. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती मंडळींनी ‘पोर्तुगीज’ ही ओळख टाकून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. इंग्रज सरकारला आपली निष्ठा कळावी, नोकऱ्यांत गोवेकरांच्या मागे पडू नये, हा त्यामागचा व्यवहार होता. मी त्यांना नावे ठेवत नाही, पोट प्रत्येकाला असते. पण याच समाजातला एक माणूस तीस वर्षांच्या आत, एप्रिल 1916 मध्ये, बेळगावात लोकमान्य टिळकांनी उभारलेल्या होमरूल लीगचा पहिला अध्यक्ष झाला. न. चिं. केळकर चिटणीस होते. पुण्याच्या सदाशिव पेठेचा दबदबा असलेल्या चळवळीत अध्यक्षाच्या खुर्चीवर माझगावचा कॅथलिक बसला, आणि टिळकांना त्यात काही वावगे वाटले नाही.

काका तिथेच थांबले नाहीत. 1920 मध्ये मुंबईत आयटक ही कामगार संघटना स्थापन झाली तेव्हा लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि काका संस्थापकांच्या पहिल्या फळीत होते. 1925 मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. बॅरिस्टरकी करून गडगंज होता आले असते. त्याऐवजी गिरणी कामगार, टपालवाले यांच्या तक्रारी आणि त्यांच्या सभांची कागदपत्रे यांत त्यांचे आयुष्य गेले. माझगावच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. संध्याकाळी बंदर बघायला तिथे गर्दी असते. आपल्या समाजाची एखादी सहल तिथे नेऊन मुलांना हा माणूस कोण होता ते सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

उद्योगाचे म्हणाल, तर बडे कारखानदार मी इतर वक्त्यांवर सोडतो आणि इथल्या, वसईतल्या पापडीला थांबतो. फादर पी. जे. मोनीस यांनी 1918 मध्ये आपली कॅथलिक पतसंस्था काढली. आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच, आता शेड्यूल्ड दर्जाची. सहकाराचे कायदे 1904 आणि 1912 चे, म्हणजे शाई पुरती वाळलीही नव्हती. वाडीतला शेतकरी तेव्हा बी-बियाण्याला, बैलाला, पोरीच्या लग्नाला सावकाराच्या दारात जायचा आणि पाने, केळी विकून आलेला पैसा व्याजातच जायचा. फादरांनी उपदेश केला असेलच, पण सोबत खातेवहीही उघडली. माझ्या वडिलांनी विहिरीवर इंजिन बसवले ते याच बँकेच्या कर्जातून. त्यांना दोन जामीनदार लागले, दोघेही आमच्याच आळीतले. हप्ता चुकला की रविवारी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायरीवर जामीनदार वाट पाहत उभा असे. तो ओरडत नसे, फक्त ‘काय, बरं आहे ना?’ एवढेच विचारी. वडील सांगत, बँकेच्या नोटिशीला ते कधी भ्याले नाहीत, त्या प्रश्नाला भ्यायचे. वसुलीची याहून स्वस्त व्यवस्था मला माहीत नाही. आणि नावात ‘कॅथलिक’ असूनही त्या बँकेच्या खिडकीपुढच्या रांगेत आज कोण कोणत्या धर्माचे, हे ओळखता येणार नाही.

कार्डिनलांविषयी इथे अनेकजण बोलणार आहेत, म्हणून मी आटोपते घेतो. व्हॅलेरियन ग्रेशस 1953 मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले. मरोळचे सायमन पिमेंटा आणि वांद्र्याचे इव्हान डायस मुंबईच्या मातीतूनच वर गेले. मला मात्र भुईगावचे थॉमस डाबरे जास्त जवळचे वाटतात. 1998 मध्ये वसई धर्मप्रांत वेगळा झाला, त्याचे ते पहिले बिशप. पण बिशप होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तो तुकोबांच्या ईश्वरानुभवावर. कॅथलिक धर्मगुरूने देहूच्या वाण्याची गाथा उशाशी घेऊन वर्षे घालवावीत, याचे मोल पुढच्या कोणत्याही पदापेक्षा मला अधिक वाटते.

आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ते 25 जुलै 2024 रोजी गेले. आजच्या मंडपात त्यांच्या ओळखीचा नाही असा माणूस शोधावा लागेल. नंदाखालच्या या मुलाने 1983 ते 2007 ‘सुवार्ता’ चालवली. धर्मप्रांताच्या मासिकात पाण्याचे टँकर, बिल्डर, खाऱ्या होत चाललेल्या विहिरी हे विषय येऊ लागले, तेव्हा ‘फादरांनी प्रार्थनेपुरते बोलावे’ असे म्हणणारे आपल्यातच होते. काही आज पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांचेही स्वागत! हरित वसईच्या लढ्यात मोर्चात सर्व धर्मांचे लोक चालले, कारण पाण्याची बावखले आटली की ती कोणाचा धर्म विचारत नाहीत. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवडीला विरोध झाला, पाठीच्या दुखण्याने उभे राहणे कठीण होते, तरी गेले आणि गप्प बसणाऱ्यांविषयी जे बोलायचे ते बोलून आले.

यादीतले आणखी एक नाव वादाचे ठरले, जॉर्ज फर्नांडिस. सेमिनरीतून बाहेर पडलेला माणूस आपला कसा, असा आक्षेप आला. त्यांनाही आपल्या यादीत बसवलेले रुचले असते असे नाही. तरी कोकण रेल्वेने आलेल्या प्रतिनिधींनी त्या रेल्वेमंत्र्याचा हट्ट आठवून यावर मत द्यावे. ज्युलिओ रिबेरोंचे नाव मात्र एकमताने आले. मुंबईचे पोलीस आयुक्तपद भूषवून झाल्यावर 1986 मध्ये अशांत पंजाबात जाण्याला कोणी बढती म्हणत नव्हते.

एक गोष्ट खटकली ती सांगतो. आमच्या यादीच्या पहिल्या खर्ड्यात एकही बाई नव्हती. लेखिका सिसिलिया कार्व्हालो यांचे नाव दुसऱ्या बैठकीत घातले गेले, तेही कोणी तरी ‘निदान एक तरी’ म्हटल्यावर. ज्या वसईच्या बायका पहाटेच्या लोकलने फुले आणि भाजी घेऊन मुंबईचे बाजार करत आल्या, उधारी तोंडपाठ ठेवत आल्या, त्यांच्या मुलांनी ही यादी केली आहे. आणि समितीत चाळिशीच्या आतला एकही नाही. त्या वयाची मुले टोरांटोत, दुबईत आहेत. गेली म्हणून त्यांना बोल लावणार नाही. पण इथे राहिलेल्यांपैकी ग्रामसभेला, सोसायटीच्या निवडणुकीला, वॉर्डातल्या बैठकीला किती जातात, हे दुपारच्या सत्रात मोकळेपणाने विचारावे.

वक्त्यांना एकच विनंती आहे. आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहात त्यांच्या सत्काराचे वर्णन नको. त्यांनी पहिली दहा वर्षे काय केले, कोणाशी भांडले, कोणाच्या घरी पायऱ्या झिजवल्या, तेवढे सांगा. ठराव समारोपाला आहेत, त्यांचा मसुदा कार्यालयात ठेवला आहे. दुरुस्त्या चहाच्या वेळेपर्यंत लेखी द्याव्यात. नंतर आलेल्या घेतल्या जाणार नाहीत, मग त्या महागुरुस्वामींच्या असल्या तरी.

संमेलनाध्यक्षांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.