गिरणगावची कला आणि तिची जागा

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘बदलते नगरजीवन आणि लोककला’ हा विषय मला देण्यात आला आहे. विषय इतका विस्तीर्ण आहे, की तो संपूर्ण मांडू पाहणारा वक्ता श्रोत्यांच्या हाती काही देईल असा भरवसा नाही. म्हणून मी तो एका वस्तीपुरता मर्यादित करतो. ती वस्ती म्हणजे मुंबईचे गिरणगाव : लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, शिवडी, नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्ग हा सारा परिसर. आपल्यापैकी बहुतेकजण ग्रामीण भागातून आलेले आहात. परंतु कोकणातील व घाटावरील क्वचितच असे गाव असेल, की ज्याचा एखादा तुकडा या वस्तीत नांदत नव्हता. गावची शाळा, गावचे देऊळ, पाण्याची टाकी यांच्या भिंतीवरील देणगीदारांच्या पाटीवर ‘मुंबई मंडळ’ ही अक्षरे आपण वाचलीच असतील. ते मंडळ मुंबईत कोठे बसत असे आणि तेथे काय गात असे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापड गिरणीचा पाया घातला आणि दोन वर्षांनी ताडदेव येथे ती सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतील माणसे मुंबईच्या वाटेला लागली. बहुतेकजण एकटे येत. कुटुंब गावी राही. अशा एकट्या पुरुषांची सोय म्हणून गावकऱ्यांनी मिळून भाड्याने खोली घ्यावयाची, ही पद्धत पडली. तिला ‘गावकरी खोली’ म्हणत. एका खोलीत वीस-पंचवीस, प्रसंगी त्याहून अधिक माणसे राहत. भिंतीला प्रत्येकाची पत्र्याची पेटी, दोरीवर कपडे, कोपऱ्यात पाण्याचे पिंप. एक पाळी कामावर गेली, की दुसऱ्या पाळीचे लोक त्याच जागी अंथरूण पसरीत. जेवण खानावळीत. या खानावळी चालविणाऱ्या बहुतांशी स्त्रियाच होत्या. कर्जासाठी सावकाराचे दार ठोठावणाऱ्या या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’च्या रूपाने संघटित केले. गिरणगावचा इतिहास सांगताना गाणाऱ्यांची नावे घेतली जातात. त्यांना भाकरी करून वाढणारीचे नाव मात्र सहसा राहून जाते.

आता या खोलीत कला कोठे बसणार, असा प्रश्न पडेल. ती बसली, हे मात्र खरे. देवाच्या तसबिरीखाली पखवाज आणि टाळ ठेवलेले असत. दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमारास सुटे. यंत्रांच्या खडखडाटात आठ तास काढलेला, अंगावर कापसाचा तूस घेऊन आलेला माणूस लगेच झोपू शकत नसे. मग भजन उभे राही. एका चाळीत दोन भजनी मंडळे असली, की डबलबारीचा सामना ठरे. खोली अपुरी पडली तर गॅलरी, गॅलरी अपुरी पडली तर पटांगण. तळकोकणचे लोक दशावतार करीत. रत्नागिरीकडील मंडळी नमन आणि शक्तीतुरा घालीत. घाटावरील कामगारांसाठी लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळला १९२२ साली दामोदर नाट्यगृह उभे केले, तेव्हा या कलांना पडदा व रंगमंच मिळाला. कामगार दिवसा साचे चालवी आणि रात्री त्याच हातांनी ‘तोंडाला रंग लावी’. हौशी कामगार रंगभूमी जी नावारूपास आली, ती अशा माणसांच्या बळावर. १९५३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांनी आणि नाट्यस्पर्धांनी तिला पुढे मोठाच आधार दिला.

या चित्राला एक काळी बाजू आहे आणि ती लपविणे योग्य होणार नाही. गावकरी खोली ही गावाची होती, तशीच बहुधा जातीचीही होती. गिरणीत साचाखात्यातील धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे. या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक वेतनाच्या त्या खात्यात शिरकाव नसे. हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी वेशीवर टांगला. बाबासाहेब स्वतः परळच्या बी. आय. टी. चाळीत दीर्घकाळ राहिले होते. याच वस्त्यांतून आंबेडकरी जलशांचा सूर उमटला आणि वामनदादा कर्डकांसारख्या लोककवीला आपला श्रोता मिळाला. त्या सुरामागे निराळे दुःख होते. केवळ करमणुकीच्या खात्यावर तो जमा करता येणार नाही.

शाहिरीबद्दल तर स्वतंत्र व्याख्यान हवे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये ‘लाल बावटा कलापथक’ काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात या शाहिरांचे डफ मैदानामैदानांवर घुमले. नारायण सुर्वे हे नाव येथील शिक्षकबंधूंना परिचित आहेच. एका गिरणी कामगाराने उचलून घरी आणलेले ते अनाथ मूल. पुढे गिरणीत काम, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि त्यानंतर शिक्षक. त्यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह १९६६ चा. ते विद्यापीठ म्हणजे हाच रस्ता, हीच चाळ.

सार्वजनिक गणेशोत्सवही येथे असाच रुजला. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेशगल्लीचे १९२८ चे. पेरू चाळीचा बाजार बंद पडल्यावर उघड्यावर बसणाऱ्या कोळी बांधवांनी व विक्रेत्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस केला आणि १९३४ मध्ये लालबागच्या बाजारात गणपती बसला. आज त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या भाविकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की मुळात ती मागणी भाजी आणि मासळी विकण्यासाठी हक्काच्या जागेची होती.

मी ‘जागा’ हा शब्द मुद्दाम वापरीत आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्याची औपचारिक समाप्ती कधीच झाली नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालू झाल्या नाहीत; जे कामगार परतले, त्यांतील पुष्कळांना पुढे गिरण्या बंद होताना पाहावे लागले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकात त्या घरांची जी अवस्था आली आहे, तिच्यात माझ्यासारख्याने भर घालण्याचे कारण नाही. त्यानंतर प्रश्न उरला तो सुमारे सहाशे एकर जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी सुचविली : एक भाग सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकाच्या विकासासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. बांधकामाखालील जमीन तिच्यातून वगळली गेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य ठरविली. नियमातील एखाद्या शब्दयोजनेने वस्तीच्या वाट्याचे मैदान किती आक्रसते, याचे हे उदाहरण अधिकारी बंधूंनी स्मरणात ठेवावे असे आहे.

आता चाळींकडे वळतो. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या २०७ इमारती म्हणजे बी. डी. डी. चाळी. त्यांतील १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मध्ये लांबलचक बोळ. खोली १६० चौरस फुटांची, शौचालय सामाईक. या खोलीत तीन पिढ्या वाढल्या. २०१७ मध्ये पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. पहाटे डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या वृद्धेला स्वतःचे न्हाणीघर मिळाले, या गोष्टीचे मोल चाळीच्या आठवणी रंगविणाऱ्या लेखकांनी कमी लेखू नये. त्यांपैकी कितीजण आज चाळीत राहावयास तयार होतील?

तथापि पात्रतेची यादी ही कुटुंबांची असते. खोली कोणाच्या नावे, भाडेपावती कोणाची, हे तपासले जाते आणि ते रास्तच आहे. भजनी मंडळाच्या नावे भाडेपावती नसते. बोळाच्या टोकाशी कॅरमचा बोर्ड ठेवणारी मुले, गौरीच्या रात्री चार खोल्यांपुढील मोकळ्या जागेत फेर धरणाऱ्या स्त्रिया, पटांगणात लेझीम बसविणारे मास्तर, यांच्यापैकी कोणाचाही त्या जागेवर कागदोपत्री हक्क नव्हता. वहिवाट होती. मोजणीत खोल्या आल्या; वहिवाट आली नाही. नव्या संकुलात सभागृह असले, तरी ते ठरावीक वेळी उघडते आणि रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपकासोबत पखवाजही थांबवावा लागतो. शेजाऱ्याला झोप हवी, हेही खोटे नाही. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आले, तेव्हा रंगकर्मींनी जी हळहळ आणि जो विरोध व्यक्त केला, त्यामागची भीती हीच होती, की इमारत पुन्हा उभी राहील, पण नमन घालणाऱ्या मंडळाला परवडणारा दर आणि परवडणारी तारीख मिळेल काय?

मला स्वतःला हा प्रश्न एका वहीमुळे उमगला. माहितीपर लेखाच्या निमित्ताने मी एका जुन्या बुवांना भेटावयास विरारला गेलो होतो. ते साचाखात्यात होते आणि त्यांच्या गावच्या मंडळाचे चिटणीसही. त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढून काढली. आत फडक्यात गुंडाळलेला पखवाज, झांजा, आणि वर्गणीच्या लांबट वह्या. प्रत्येक नावापुढे पाळी लिहिलेली. कारण वर्गणी गोळा करणाऱ्याला कोण केव्हा खोलीवर सापडेल, हे कळावे लागे. १९८२ च्या फेब्रुवारीपासून रकान्यात ‘बाकी’ हा शब्द सुरू होतो. मार्च, बाकी. एप्रिल, बाकी. पाने उलटत गेलो, सर्वत्र तेच. परंतु एकही नाव खोडलेले नव्हते. काही वर्षांनी समासात निराळ्या शाईने पत्ते येऊ लागतात : नालासोपारा, बदलापूर, कोठे नुसतेच ‘गावी’.

मी विचारले, “बुवा, ही बाकी कधी वसूल केलीत काय?”

ते म्हणाले, “वसूल कसली साहेब? नाव वहीत असलं, की माणूस भजनाला येतो. बाकी असली तरी येतो.”

खोली सोडावी लागली तेव्हा देवाची तसबीर गावच्या देवळात गेली. पेटी मात्र गावी पाठविण्यास मंडळींनी नकार दिला, कारण भजन मुंबईचे. म्हणून ती बुवांकडे आली. वर्षातून तीन-चार वेळा मंडळी लालबागला एका दुकानाच्या पोटमाळ्यावर जमतात. त्या दिवशी बुवा दुपारीच निघतात. पखवाज खांद्याला, आणि पिशवीत कणकेचा छोटा डबा. डाव्या तोंडाला कणीक ताजी लागते आणि पोटमाळ्यावर ती मळण्याची सोय नाही. पखवाज घेऊन गर्दीच्या गाडीत चढता येत नाही, म्हणून दोन-तीन गाड्या सोडून द्याव्या लागतात, एवढी एकच तक्रार त्यांनी माझ्यापाशी केली.