उंदीर आधी पडतो

(लातूर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



लातुरात उभं राहून 'शक्यता' या विषयावर बोलायचं म्हणजे जीभ जरा अडखळते. 30 सप्टेंबर 1993ची पहाट तुम्हाला मी काय सांगणार? रात्री गणपती बोळवून माणसं निजली आणि चारच्या सुमारास किल्लारी हादरली. तेव्हाच्या नकाशात हा मुलूख भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 'कमी' याचा अर्थ आपण 'नाही' असा लावून बसलो होतो.

साथींचा हिशेबही असाच चकवतो. 1918चा फ्लू म्हणजे मानमोडी, 1957, 1968 आणि 2009चे फ्लू, मग 2020चा कोविड. मधली अंतरं मोजा : 39, 11, 41, 11 वर्षं. सरासरी पंचविसाची, पण एकही साथ पंचविशीला आली नाही!

यातल्या मानमोडी आणि कोविड या दोन महाभयंकर. शंभर वर्षांत दोन, म्हणजे ढोबळ हिशेबाने दर वर्षी शंभरात दोन. आता पिशवीत ज्वारीचे 98 आणि तुरीचे 2 दाणे टाका. वर्षातून एकदा न बघता एक दाणा काढायचा, परत टाकायचा. यंदाच तूर निघेल यावर कोणी पैज लावणार नाही. पण 35 वर्षं हेच करत राहिलात, तर एकदा तरी तूर हाती येण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. आज पहिलीत बसलेलं पोर तेव्हा चाळिशीत असेल.

ते वर्ष कोणतं, हे गणित सांगत नाही. खुणा मात्र दिसतात, आणि बहुतेकदा त्या गावाला आधी दिसतात. ऑगस्ट 1994मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक पिसवांनी हैराण झाले, उंदीर मरून पडू लागले, आणि मग माणसांना गाठी आल्या. भूकंपाच्या धास्तीने लोक बाहेर झोपत, धान्य घरात राही, त्यात उंदरांचं फावलं, असं एक स्पष्टीकरण आहे. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. आपल्या पणज्यांना 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द पुरत. बिऱ्हाड रानातल्या खोपीत जाई.

जानेवारी 2025मध्ये उदगीरला कावळे पटापट मरून पडले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. निघाला बर्ड फ्लू, एच5एन1. हा विषाणू अजून माणसातून माणसात सहज पसरत नाही. पण तो आपल्या दारात येऊन गेला. कोणीतरी मेलेला कावळा कचऱ्यात न ढकलता कळवलं, म्हणून तर हे समजलं.

तयारी म्हणजे ही कळवण्याची वाट मोकळी ठेवणं. बर्ड फ्लूमुळे कोंबड्या माराव्या लागल्या तर भरपाई वेळेवर मिळेल, हा भरवसा शेतकऱ्याला हवा. नाहीतर तो मेलेली कोंबडी रातोरात पुरून मोकळा होईल. कोविडात बसवलेले ऑक्सिजनचे प्रकल्प दर महिन्याला चालवून बघायला हवेत. दुष्काळात विहिरीवरची मोटार बंद ठेवली की ती जाम होते, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

आणि एक काम तुमच्याकडे. आशाताईंचा आणि गुरांच्या दवाखान्याचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आहे का? घरी पोहोचण्याआधी बघा.