वार टाकण्याआधी



कुंभवलीत, तारापूर एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत, दिवस भरलेलं बाळ पोटातच गेलं की घाई एकच असते, अंधार पडायच्या आत पुरून यायचं. मागे बाई उरते आणि तिच्याभोवतीची कुजबुज. हिनं जड उचललं, हिनं ग्रहण पाळलं नाही. कुणी कारखान्यांच्या धुराकडे बोट दाखवतं. पण धूर, रक्तदाब की जंतुसंसर्ग, हे तपासल्याशिवाय कोण सांगणार?

शवविच्छेदन म्हटलं की लोकांना पोलीस आठवतात. साहजिकच आहे. बेवारस अर्भक सापडलं की न्यायवैद्यक डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो, मूल जिवंत जन्मलं होतं का? फुप्फुसाचा तुकडा पाण्यात तरंगतो का, ते पाहतात. मात्र शरीर कुजू लागलं असेल तर वायूमुळेही तो तरंगतो, म्हणून एवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नाही. कातडी सुटलेली, कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली दिसली, तर बाळ आधीच पोटात दगावल्याचं कळतं. हा झाला गुन्ह्याचा तपास. रुग्णालयातला तपास कारणाचा असतो आणि तो आईबापांच्या संमतीनेच होतो.

चिरफाड नको असेल, तरी वार, म्हणजे प्लॅसेंटा, तर पाहता येते! पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची. तिच्या मागे काळं, घट्ट रक्त साकळलेलं असेल, तर ती वेळेआधी सुटली होती. खूप लहान, पांढुरक्या चट्ट्यांची वार बाळाचं पोषण अडल्याचं सुचवते. दावणगेरे आणि कराचीतल्या डॉक्टरांनी मृत बाळांच्या अवयवांचे बारीक नमुने नुसत्या सुईने घेतले, वारही तपासली. सर्वांत मोठं कारण निघालं, पोटात प्राणवायू कमी पडणं. त्यात आईचा काय दोष? आणि आपल्याकडे हीच वार कितीदा तरी न बघताच कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून घरच्या माणसांनी त्या दुःखातही दोन गोष्टी विचाराव्यात. आईचा रक्तगट निगेटिव्ह आहे का? असेल तर पुढच्या बाळाच्या रक्षणासाठी अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का, हे लगेच विचारा. ते 72 तासांच्या आत द्यायचं असतं, बाळ गेलं असलं तरीही. आणि वार पाहिली का? काय दिसलं ते कागदावर लिहून घ्या. पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत तो कागद डॉक्टरांना दाखवा.