नोटीस, पावती आणि बिऱ्हाड
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभातील भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा मी कचेऱ्यांत खेटे घालून शिकले, तेव्हा उणेअधिक बोलले तर सांभाळून घ्यावे.

गिरगाव-काळबादेवीच्या बाजूला दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. यादीत नाव आले की आपली धाव महानगरपालिकेकडे. परंतु ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या उपकरप्राप्त चाळींचा कारभार म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असतो. महानगरपालिकेची नोटीस येते ती १८८८ च्या कायद्याच्या कलम ३५४ खाली. म्हणून कागद कोणाचा, हे आधी वाचावे.

हा उपकर आला कुठून? १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या आकड्यावर गोठली. तेवढ्यात भिंतीवर चुन्याचा हातही फिरेना, मालकांनी दुरुस्ती सोडली. मग १९६९ च्या कायद्याने उपकर बसला. महानगरपालिका तो घरपट्टीबरोबर गोळा करते, सरकार भर घालते, त्यातून टेकू लागतात, तुळया बदलतात. अशा इमारती मुळात १९,६४२ होत्या! पैसा पुरणार कसा? १९९१ च्या नियमावलीतील ३३(७) ने दुसरी वाट काढली. बिल्डरने जादा मजले चढवून विकावे आणि त्या नफ्यातून जुन्या भाडेकरूंना घरे द्यावी. म्हणजे खर्च सरकारी तिजोरीतून नाही, आपल्या डोक्यावरच्या आकाशातून! जिथे गल्ली अरुंद, जागा चिमूटभर, तिथे बिल्डर फिरकत नाही. आणि विक्री थंडावली की काम अर्धवट राहते, बाहेर राहायला गेलेल्यांचे भाडे थकते.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून तेहतीस माणसे गेली. काही कुटुंबे आधीच हलली होती, काही राहिली होती. राहणाऱ्यांना लोक हटवादी म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. संक्रमण शिबिरात गेलेल्यांची मुले तिथेच लग्नाला आली, हे आपण पाहिले आहे. तरीसुद्धा छत कोसळते तेव्हा ते हक्क विचारीत नाही. जायचे तर जावे, पण हात रिकामे ठेवून जाऊ नये.

भाडेपावती जवळ हवी. खोलीचे माप इमारत पाडण्यापूर्वी घेतले गेले पाहिजे, आणि त्याचा शिक्क्याचा कागद आपल्याकडे हवा. बिल्डरशी करार नोंदणी केलेलाच असावा. पावती पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावे असते, ते गेल्यावर ती तशीच डब्यात पडते. बरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला कायद्याने भाडेहक्क मिळू शकतो, पण नाव वेळीच चढवून घ्यावे लागते. पुनर्विकासाला आता एक्कावन्न टक्के भाडेकरूंची संमती पुरते. सभा रात्री जिन्यात भरते, पुरुष बोलतात, आपण चहा करतो. यापुढे चहा त्यांनी करावा!

दर बुधवारी दुपारी तीन वाजता आपापल्या पावत्यांची पिशवी घेऊन मंडळाच्या खोलीत यावे. झेरॉक्सचा खर्च मंडळ करील.