छोट्या मोटरचा वांकलेला आंस

हौसेनें घरीं बांधलेलें लहान विमान मैदानावर दोन घिरट्या डौलानें घेतें आणि तिसरीला नाक खुपसून जमिनीवर आदळतें. पंख सरसानें जोडतां येतो. पण मोटर हातानें फिरवून पाहावी, तों पंख्याचें टोंक डगमगूं लागतें. आंस वांकलेला असतो. नवी मोटर घ्या, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु तांब्याचीं वेटोळीं शाबूत असतां बोटभर पोलादी दांडीसाठीं सबंध यंत्र टाकून देणें हौशी कारागिराच्या जिवावर येतें, आणि तें योग्यच आहे.

आंस ठोकून सरळ करण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. दर व्होल्टला हजार फेरे घेणारी मोटर ११ व्होल्टांवर, पंख्याचा भार नसतां, मिनिटाला सुमारें ११,००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १८० हून अधिक. या वेगांत केसाएवढा बांकहि विमानाला हादरवितो आणि बेअरिंग खातो.

अशा मोटरची रचना थोडी उलटी असते. वेटोळीं आंत स्थिर. बाहेरची चुंबकांची वाटी आंसासह फिरते. आंस वाटीच्या मध्यांत घट्ट दाबून बसविलेला, बाजूनें त्याला एक बारीक स्क्रू, आणि मागच्या टोंकाशीं खोबणींत एक कडी. कडी काढली कीं वाटी ओढून निघते. चुंबक थोडे हुज्जत घालतात, एवढेंच.

खरी कसोटी पुढें आहे. स्क्रू सैल करूनहि आंस हलत नाहीं, कारण तो चिकटद्रव्यानेंहि धरलेला असतो. तेव्हां उतावळा मनुष्य वाटीच विस्तवावर धरतो, आणि तेथेंच मोटर गमावतो. हे चुंबक निओडिमियमचे. त्यांतील साधे प्रकार ८० अंश सेंटिग्रेडच्या पुढें आपली शक्ति कायमची गमावूं लागतात. ऊब द्यायची ती तापल्या सळईनें केवळ आंसाच्या टोंकाला, तीहि थोडा वेळ. मग वाटीचा मधला भाग आंसाहून किंचित् मोठ्या भोंकाच्या नळीवर टेकवून व्हाइसमध्यें हळूहळू दाबावें, हातोडी नको. दाब असा द्यावा, कीं आंसाचा सरळ भाग भोंकांतून जाईल. वांकलेला भाग त्यांतून ओढला, तर भोंक रुंदावतें, आणि नवा आंस त्यांत कधींच घट्ट बसत नाहीं.

नवा आंस त्याच मापाचा हवा. ३.१७ मिलिमीटरच्या जागीं ३ मिलिमीटरचा चालत नाहीं. तो कांचेवर लोळवून पाहावा. खालून उजेडाची फट दिसली, तर परत करावा. स्क्रूसाठीं सपाटी घांसणें झाल्यास तें वाटीपासून दूर करावें. पोलादाचा कीस चुंबकांना चिकटला, तर त्या अरुंद फटींतून तो निघतां निघत नाहीं.

आंस बसवितांना चिकटद्रव्याचा एकच थेंब पुरे. बेअरिंगला त्याचा स्पर्शहि नको. मोटर जुळवून, पंखा न लावतां, प्रथम मंद गतीनें चालवावी. वाटीच्या कडेजवळ टांचणी स्थिर धरून अंतर पाहावें. आंस सरळ असूनहि तें कमीजास्त होत असेल, तर आघातानें वाटीच वांकली आहे. मग नवी वाटी मिळेपर्यंत त्या विमानानें घरींच बसावें.