वाढवणच्या आधी न्हावा-शेव्याचा हिशेब



विकसनशील देशांनी मालवाहतूक स्वस्त व जलद केली की व्यापार वाढतो आणि व्यापार वाढला की दारिद्र्य हटते, हा सिद्धान्त गेली काही दशके जागतिक बँकेपासून भारतीय नियोजनकारांपर्यंत सर्वत्र उच्चारला जात आहे. त्याचा पूर्वार्ध खरा आहे आणि तो नाकारण्याचे समाजवाद्यांना काही कारण नाही. नाशिकची द्राक्षे बंदराच्या फाटकाबाहेर एक दिवस अडली, तर त्या दिवसाची किंमत अखेर बागाईतदारच मोजतो, बोटीचा मालक नव्हे. एकाच मालाचे कागद पाच टेबलांवरून फिरल्याने गरिबाचे रक्षण होते असे मानण्याइतका भाबडेपणा कोणत्याही श्रमिक चळवळीला परवडणारा नाही. वाद आहे तो उत्तरार्धाविषयी.

मालवाहतुकीच्या सुधारणेचा पहिला मोठा प्रयोग महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकातच पाहिला. अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरचा कापूसपुरवठा तोडला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचे महत्त्व एकाएकी वाढले आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा गेला. बैलांच्या तांड्यांनी आठवडेच्या आठवडे चालणारा प्रवास त्यामुळे संपला. परंतु ज्या गाडीने कापूस मुंबईस गेला, त्याच गाडीने विलायती कापड वऱ्हाडात आले आणि विणकराचा माग थंडावला. पुढे १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन उपाशी असताना देशातून धान्याची निर्यात चालूच होती. दोष रुळांचा नव्हता; रूळ कोणाच्या सोयीसाठी टाकले गेले, हा मुद्दा होता.

कंटेनर हा त्याच जातीचा शोध आहे. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाने ५८ कंटेनर बोटीवर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडले. त्यापूर्वी पोती, गासड्या, पिंपे माणसांच्या पाठीवरून बोटीच्या पोटात उतरत आणि बोट दिवसचे दिवस धक्क्याला लागून राही. आता एक यारी तासाला पंचवीस-तीस कंटेनर सहज हलवते. मुंबईच्या गोदीत टोळीवाल्यांच्या मर्जीवर जगणाऱ्या हंगामी मजुराला १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने आणि पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी बांधलेल्या संघटनेने माणसासारखे स्थान मिळवून दिले होते. कंटेनरने त्या स्थानाखालचे कामच काढून घेतले. पाठ मोडणारे कष्ट गेले याचे दुःख कोणी करू नये. मात्र वाचलेल्या श्रमाचे मोल श्रमिकाच्या पदरात पडले नाही, एवढे तरी नोंदविले पाहिजे.

मुंबईची गोदी अपुरी पडू लागल्यावर खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर उभे राहिले आणि २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. देशातील प्रमुख बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीपैकी सुमारे निम्मी वाहतूक आज या एका बंदरातून होते. कार्यक्षमतेच्या निकषावर हा उपक्रम यशस्वी आहे, यात शंका नाही. पण या यशाची दुसरी वहीही उघडली पाहिजे. नवी मुंबई व उरण परिसरातील भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व जन्मास आले. तेच तत्त्व बंदरग्रस्तांना लागू करणारी पहिली इरादापत्रे वाटण्यात आली ती ऑगस्ट २०१४ मध्ये, म्हणजे बंदर सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी! खासगी धक्का मात्र बंदराच्या दहाव्या वर्षीच, १९९९ मध्ये, सुरू झाला होता आणि २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालविलेला कंटेनर धक्काही खासगी हाती गेला. कंटेनरला जलद वाट आणि माणसाला पंचवीस वर्षांची रांग, असा हा कारभार आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हेच घडले. व्यापार सुलभीकरणाचा करार २०१३ मध्ये बाली येथे ठरला. गरीब देशांच्या सरकारी धान्यसाठ्यांचा प्रश्न आधी सोडवा, असा आग्रह भारताने जुलै २०१४ मध्ये धरला, तेव्हा भारतावर अडवणुकीचा आरोप झाला. करार २०१७ मध्ये अमलात आला. धान्यसाठ्यांवर कायमचा तोडगा मात्र २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही निघाला नाही.

शेतकऱ्याच्या बाबतीत तर सुलभीकरणाची भाषा केव्हाही गुंडाळून ठेवली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली आणि वाटेवरचा माल वाटेवरच राहिला. लासलगावच्या शेतकऱ्याला त्या दिवशी बंदराच्या यारीचा वेग काय कामाचा?

आता पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर होऊ घातले आहे. जून २०२४ मध्ये त्यास मंजुरी मिळाली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालायचा असल्याने बंदरासाठी गावे उठवावी लागणार नाहीत, असे समर्थक सांगतात. येथेच खरी मेख आहे. उरणच्या शेतकऱ्याजवळ निदान सातबाऱ्याचा उतारा होता. समुद्राला सातबारा नसतो. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यात कोळी जाळे टाकतो, ते पाणी कोणत्याही दप्तरी त्याच्या नावावर नाही. म्हणून त्याचे काही गेले, हेच मुळी सिद्ध होत नाही. मासळी सुकविणाऱ्या व टोपलीतून विकणाऱ्या स्त्रिया तर या हिशेबाच्या आणखीच बाहेर राहतात.

तेव्हा बंदर हवे की नको एवढ्यावरच घोषणा देत राहणे पुरेसे नाही. ज्यांचा विरोध आहे त्यांचा विरोध लोकशाही मार्गाने ऐकला जावा, हा पहिला आग्रह. त्याबरोबर पालघर, डहाणू येथील कार्यकर्त्यांनी गावोगाव बसून नोंदवह्या कराव्यात: कोणती होडी कोणत्या महिन्यात कोठे जाते, कोणती मासळी किती मिळते, ती कोण सुकविते, कोणत्या बाजारात विकते, घरात किती माणसे त्यावर जगतात. या नोंदी ग्रामसभेत वाचून ठरावासह दप्तरी दाखल कराव्यात. भराव पडण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे, कारण नंतर मोजण्यासाठी ते पाणीच तेथे उरणार नाही.