नांव, आंकडा आणि मधला मुखत्यार

जळगांवच्या पाकिटावर ४२५००१ आणि धुळ्याच्या पाकिटावर ४२४००१ हा आंकडा घालणें आतां सर्वांच्या अंगवळणीं पडलें आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झालेल्या या योजनेचे जनक टपालखात्यांतील अधिकारी व संस्कृतचे व्यासंगी पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर हे होत. माणसाच्या ध्यानांत नांव राहतें. टपाल निवडण्यास मात्र आंकडा सोयीचा पडतो. इंटरनेटचा व्यवहारहि असाच आहे. मनुष्य नांव लिहितो, पण यंत्रें परस्परांस आंकड्यांनींच ओळखतात. नांवावरून आंकडा काढून देणाऱ्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. ती बिघडली म्हणजे तार शाबूत असूनहि घरचा संगणक जगास पारखा होतो.

प्रारंभीं अशा नांवांची एकच यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवलेली असे, व प्रत्येक यंत्र तिची नक्कल उतरवून घेई. यंत्रें वाढलीं तशी ती यादी अपुरी पडूं लागली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं कारभार वांटून देण्याची योजना मांडली. जिल्ह्याच्या कचेरीनें तालुक्याकडे आणि तालुक्यानें गांवच्या तलाठ्याकडे बोट दाखवावें, तसा येथला क्रम आहे. अगदीं वरचें मूळ स्थान 'डॉट इन'चा कारभार कोणाकडे आहे तेवढें सांगतें. तो कारभारी त्याच्या खालच्याचें नांव सांगतो. हे हेलपाटे घरचा संगणक स्वतः घालीत नाहीं. तो एका मुखत्यारास विचारून मोकळा होतो. या मुखत्याराचें नांव रिझॉल्व्हर.

आतां समजा, विद्यापीठाच्या अर्जाची मुदत उद्यां संपत आहे, आणि शिरपूरच्या किंवा चाळीसगांवच्या एखाद्या घरीं लिनक्स चालणाऱ्या संगणकावर कोणतेंच पान उघडत नाहीं. अशा वेळीं घाबरून सारी यंत्रणा पुसून नव्यानें बसविण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्या भरांत घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें जातात, आणि दोष असतो तेथेंच राहतो. वास्तविक लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींत बहुतेक योजना साध्या वाचनीय मजकुरांत लिहिलेल्या असतात. ज्यास वाचतां येतें, त्यास तपासतांहि येतें. मात्र तपासणी क्रमानें झाली पाहिजे.

पहिली परीक्षा अशी. 'पिंग' ही आज्ञा देऊन एखाद्या प्रसिद्ध आंकड्यास, उदाहरणार्थ ८.८.८.८ यास, हांक मारावी. मग एखाद्या नांवास मारावी. आंकडा ओ देतो आणि नांव सांपडत नाहीं, असें झालें तर तार व राउटर निर्दोष आहेत. दोष नांवाच्या व्यवस्थेंत आहे. आंकडाहि गप्प असेल, तर आधीं तार पाहावी.

दुसरी परीक्षा घरच्या टिपणवहीची. 'होस्ट्स' नांवाच्या फाइलींत कोणीं कधीं काळीं एखादें नांव व आंकडा लिहून ठेविला असेल, तर सामान्यतः संगणक बाहेर विचारण्यापूर्वीं तोच खरा मानतो. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावरहि जुन्या वहीवरून 'जिल्हा धुळें' लिहीत राहावें, तसा हा प्रकार. अशी शिळी ओळ काढून टाकावी.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फाइलींत मुखत्यारांचे आंकडे असतात. साधारणतः तीनच विचारांत घेतले जातात, आणि तेहि क्रमानें. पहिला मृत असेल तर संगणक त्याची सुमारें पांच सेकंद वाट पाहून मग दुसऱ्याकडे वळतो. म्हणून पानें उघडतात पण फार रेंगाळून, हें लक्षण दिसलें कीं पहिल्या ओळीवर संशय घ्यावा. या फाइलींत १२७.०.०.५३ असा आंकडा आढळला तर दचकूं नये. तो संगणकाच्या पोटांतलाच एक कारकून आहे. बाहेरचे खरे मुखत्यार 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' या आज्ञेनें कळतात. येथें आणखी एक फसगत होते. पुष्कळ संगणकांवर ही फाइल दुसरीच एखादी व्यवस्था लिहीत असते. हातानें केलेली दुरुस्ती संध्याकाळपर्यंत चालते आणि दुसऱ्या दिवशीं पुसली जाते. अशा वेळीं फाइलीशीं झगडण्यांत अर्थ नाहीं. जी व्यवस्था ती लिहिते, तिच्याच दप्तरांत, म्हणजे बहुधा नेटवर्क मॅनेजरमध्यें, बदल करावा.

चौथी परीक्षा 'डिग' या आज्ञेची. एकच नांव दोन निरनिराळ्या मुखत्यारांस विचारावें. दोघेहि 'असें नांवच नाहीं' म्हणाले, तर प्रथम शुद्धलेखन तपासावें. एक बोलतो व दुसरा मौन धरतो, तर दोष कोणाचा तें उघड आहे. एवढ्यानेंहि उलगडा न झाल्यास संगणकाचें घड्याळ पाहावें. जुन्या यंत्रांतील बॅटरी संपली कीं तारीख मागें पडते. आणि जेथें उत्तरांवरील सह्यांची मुदत पडताळली जाते, तेथें खरें उत्तरहि खोटें ठरतें.

मुखत्यार नेमतांना एक विवेक अवश्य पाळावा. आपण कोणकोणतीं नांवें विचारतों, हें त्यास कळतें. आणि तो अप्रामाणिक असेल तर बँकेचें नांव विचारणाऱ्यास तो चोराच्या दाराशीं नेऊन सोडूं शकतो. ही केवळ कल्पना नव्हे. 'डीएनएस चेंजर' नांवाच्या घातकी प्रोग्रॅमनें जगांतील सुमारें चाळीस लक्ष संगणकांचे मुखत्यार परस्पर बदलून टाकले होते. नोव्हेंबर २०११ मध्यें ती टोळी पकडली गेली. तिचे खोटे मुखत्यार एकदम बंद करावे तर लक्षावधि घरांचें इंटरनेट थांबलें असतें. म्हणून त्यांच्या जागीं न्यायालयाच्या हुकुमानें खरे बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. तेव्हां कोणीतरी सांगितलेला आंकडा डोळे मिटून लिहूं नये.

तात्पर्य, एका वेळीं एकच बदल करावा, बदलण्यापूर्वीं मूळ फाइलीची प्रत ठेवावी, आणि काय केलें तें तारखेसह कागदावर टिपून ठेवावें. घरांत एकास हें शिकवून ठेवलें, तर पुढच्या अडचणींत दुकानदाराची वाट पाहत मुदत दवडण्याची पाळी येणार नाहीं.